लंडनच्या जॅझमधला मुंबईचा ठेका : जुन्या रेकॉर्डच्या नव्या सीडी निवडताना

ब्रिटिश जॅझ म्हटलं की आपल्याकडच्या चांगल्या कानाच्या माणसालाही ते परक्या गावचं वाटतं. त्यातही 1950-60च्या दशकांतलं, म्हणजे आज साठ-सत्तर वर्षं जुनं. आणि तेही सीडीवर, जी आता दुकानांतून जवळजवळ उठलीच आहे. सोलापूरजवळच्या मंद्रूपमध्ये राहून हे कुणी कशासाठी ऐकायचं? माझं उत्तर एका नावापासून सुरू होतं : केशव साठे.

केशव साठे हे मुंबईचे तबलावादक. 1950च्या दशकात ते लंडनला गेले आणि तिथेच राहिले. 1966 साली निघालेल्या ‘इंडो-जॅझ सुइट’ या रेकॉर्डवर तबला त्यांचा आहे. पुढच्या ‘इंडो-जॅझ फ्युजन्स’वरही तेच आहेत. दिवाण मोतिहार यांची सतार, जो हॅरियट यांचा आल्टो सॅक्सोफोन आणि साठे यांचा तबला एकाच खोलीत, एकाच फितीवर उतरला, तेव्हा ‘फ्युजन’ हा शब्द आपल्याकडच्या जाहिरातींत यायला अजून बराच अवकाश होता. गावात भजनाला, कीर्तनाला, लग्नकार्यात तबला ऐकत वाढलेल्या माणसाला या संगीतात शिरायला यापेक्षा सोपं दार मिळणार नाही. म्हणून हा लेख त्या दारापासून सुरू करतो. पुढे सीडी कशी निवडायची, कशी मागवायची, आपल्या उन्हाधुळीत कशी सांभाळायची, हे सांगतो.

आधी थोडी माणसांची ओळख, कारण माणसं कळल्याशिवाय सीडीवरचं काहीच कळत नाही.

जॉन मेयर मूळचे कोलकात्याचे. व्हायोलिन शिकण्यासाठी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले आणि पुढे तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. जो हॅरियट जमैकातल्या किंग्स्टनचे; 1951 साली इंग्लंडला आले. त्यांनी 1960 साली ‘फ्री फॉर्म’ ध्वनिमुद्रित केलं, ज्यात आधी ठरवलेल्या स्वरसंगतीचं आणि लयीचं बंधन वादकांनी बाजूला ठेवलं होतं. या दोघांना एकत्र आणलं डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने. पाच वादक जॅझचे, पाच मेयर यांच्या बाजूचे, म्हणून नाव ‘डबल क्विंटेट’. ‘इंडो-जॅझ सुइट’मधल्या दोन रचनांची नावंच ‘राग मेघ’ आणि ‘राग गौडसारंग’ आहेत. पुढच्या तबकड्यांवर ‘मुलतानी’ आणि ‘राग पिलू’ भेटतात. ‘आक्का राग’ ही त्यांची छोटी रचना तर बीबीसीच्या ‘आस्क द फॅमिली’ या प्रश्नमंजूषेची ओळखधून झाली आणि लाखो इंग्रज घरांत पोचली.

दुसरं नाव आमांसियो डिसिल्वा. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म 1936चा, मुंबईतला. हे गिटारवादक 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेले आणि 1969 साली त्यांच्या दोन रेकॉर्ड झाल्या. पहिली ‘इंटिग्रेशन’ : सोबत डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन आणि इयन कार यांचा ट्रंपेट. यात ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ नावाची रचना आहे. दुसरी ‘हम दोनो’ : म्हणजे डिसिल्वा आणि हॅरियट, सोबत नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज, जो शब्दांशिवाय, वाद्यासारखा वापरला आहे. हिच्यात ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. 1972च्या सुमारास ध्वनिमुद्रित झालेलं ‘कोकण डान्स’ तर त्या वेळी बाहेर आलंच नाही. तीसेक वर्षं फीत पडून राहिली आणि सीडीच्या जमान्यात ते पहिल्यांदा लोकांच्या कानी पडलं. मुंबई-गोव्याच्या ज्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले, त्यांच्याच परंपरेतला हा माणूस. फक्त तो लंडनला गेला. त्या परंपरेबद्दल वाचायचं असेल तर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे 2012चं इंग्रजी पुस्तक मिळवा. त्याच्यासोबत एक सीडीही होती.

आता मुख्य अडचण. या सगळ्या रेकॉर्ड मुळात थोड्याच छापल्या गेल्या. जॅझचा बाजार इंग्लंडमध्येही लहान होता आणि 1960च्या दशकात तरुण पोरं बीटल्सकडे वळली होती. काही वर्षांत या तबकड्या कंपनीच्या यादीतून काढून टाकल्या गेल्या. आज ‘हम दोनो’ची मूळ तबकडी संग्राहकांमध्ये शेकडो पौंडांना जाते. म्हणजे सामान्य माणसाला हे संगीत विकत घ्यायचं तर नंतर निघालेली आवृत्तीच हवी. 1998 साली पॉलिग्रामच्या ‘रिडायल’ मालिकेत हॅरियट यांच्या काही रेकॉर्ड सीडीवर आल्या. 2002 साली जाइल्स पीटरसन या डीजेने ‘इंप्रेस्ड’ नावाचं संकलन काढलं, त्याने नव्या पिढीचं लक्ष या काळाकडे वळलं, आणि त्याच्या पाठोपाठ पूर्ण रेकॉर्डही सीडीवर आल्या, ‘इंटिग्रेशन’ त्यांतलीच. पुढे डटन व्होकॅलियन, बीजीओ अशा छोट्या ब्रिटिश कंपन्यांनी बरंच काम केलं. 2021 साली डेक्काने ‘ब्रिटिश जॅझ एक्सप्लोजन’ ही मालिका सुरू केली. या आवृत्त्या कायम छापात नसतात. दोन-तीन वर्षं मिळतात, मग पुन्हा गायब. म्हणून दिसली की घ्यायची, पण डोळे उघडे ठेवून.

माझ्या मते सीडी निवडताना पहिला प्रश्न आवाज कसा आहे हा नाहीच. पहिला प्रश्न : पुस्तिकेत वादकांची नावं, तारीख आणि स्टुडिओ दिला आहे का? ज्याने हे छापण्याची तसदी घेतली, त्याने बहुतेक वेळा मूळ फीतही शोधलेली असते. ज्याने फक्त मुखपृष्ठाचं अंधूक छायाचित्र आणि गाण्यांची यादी टाकली, त्याने फीत शोधली असेल यावर मी भरवसा ठेवत नाही. नावं आधी पाहण्याचं दुसरं कारण अधिक मोठं आहे. केशव साठे हे या रेकॉर्डचे मुख्य कलाकार नाहीत. कव्हरच्या दर्शनी बाजूला हॅरियट आणि मेयर असतात. मोबाइलवर हेच संगीत लावलं तर पडद्यावर सहसा तेवढीच दोन नावं दिसतात. तबला कुणाचा, तंबोरा कुणाचा, हे शोधायला बसावं लागतं. कागदावर छापलेली वादकांची यादी हीच या माणसांची नोंद आहे. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शिलालेख अभ्यासकांना मोलाचा वाटतो तो त्यावर शके 940 हा काळ कोरलेला आहे म्हणून. ध्वनिमुद्रणाचंही तसंच : काळ आणि नाव गेलं की उरतो तो नुसता आवाज.

आता बाजारातल्या आवृत्त्यांचे प्रकार. पहिला, हक्क ज्याच्याकडे आहेत त्या मोठ्या कंपनीने स्वतः काढलेली सीडी. दुसरा, त्या कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन छोट्या कंपनीने काढलेली. माझा अनुभव असा, की या दुसऱ्या प्रकारात पुस्तिका सर्वांत चांगल्या असतात, कारण ती काढणारी माणसं मुळात या संगीताची वेडी असतात. परवाना घेतलेला असेल तर मागच्या बाजूला कुणाच्या परवानगीने हे लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा. तिसरा प्रकार कायद्याने मुक्त झालेल्या रेकॉर्डचा. चौथा म्हणजे सरळ चोरी : कुणीतरी घरी बसून नक्कल केलेली, रंगीत प्रिंटरवर कव्हर छापलेली.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला फरक ओळखायला एक तारीख लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी प्रकाशनापासून 50 वर्षं असे. 1 नोव्हेंबर 2013पासून तो 70 वर्षांचा झाला, पण ज्यांची 50 वर्षं आधीच संपली होती त्या रेकॉर्डना ही वाढ मिळाली नाही. याचा साधा अर्थ : 1962 अखेरपर्यंत निघालेल्या रेकॉर्ड तिथे कुणालाही छापता येतात, 1963 आणि त्यानंतरच्या नाही. म्हणूनच एव्हिडसारख्या कंपन्या दोन सीडींत चार-चार जुन्या रेकॉर्ड घालून स्वस्तात विकतात आणि ते कायदेशीर असतं. टबी हेज, रॉनी स्कॉट या सॅक्सोफोनवादकांची 1950च्या दशकातली वाजवणी ऐकायची तर असे संच उत्तम आहेत. पैशाच्या मानाने संगीत भरपूर मिळतं. पण ‘इंडो-जॅझ सुइट’ 1966ची आणि ‘हम दोनो’ 1969ची. या दोन रेकॉर्ड कुणी ‘चारच्या संचात’ अगदी स्वस्तात देत असेल तर हात आखडता घ्या. (आपल्या भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत 60 वर्षांची आहे, जुन्या मराठी-हिंदी रेकॉर्डच्या सीडी घेताना ती लक्षात ठेवावी.)

हक्कांचा आणखी एक गुंता सांगायला हवा, नाहीतर कव्हर पाहून गोंधळ होईल. 1960च्या दशकातल्या या रेकॉर्डवर ‘कोलंबिया’ असं नाव दिसतं. ही ब्रिटनमधली ईएमआयची कोलंबिया, अमेरिकेतल्या कोलंबियाशी तिचा त्या काळी संबंध नव्हता. शिवाय कव्हरवर ‘लॅन्सडाउन सिरीज’ असंही लिहिलेलं असे. लॅन्सडाउन हा लंडनच्या हॉलंड पार्क भागातला प्रेस्टन यांचा स्टुडिओ. प्रेस्टन स्वतंत्र निर्माते होते : ध्वनिमुद्रण स्वतःच्या खर्चाने करायचं आणि छपाई-विक्रीसाठी मोठ्या कंपनीला द्यायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे कव्हरवर एक नाव आणि नंतरच्या सीडीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर दचकू नका. लॅन्सडाउनचा उल्लेख असणं ही उलट चांगली खूण समजा. ब्रिटिश जॅझमधलं माझ्या आवडीचं निम्मं संगीत त्या एका इमारतीत घडलं आहे.

सीडी हातात आल्यावर, किंवा विकणाऱ्याकडून छायाचित्रं मागवल्यावर, काय पाहायचं?

मागच्या बाजूला वर्तुळातला ‘पी’ आणि वर्तुळातला ‘सी’ अशी दोन चिन्हं असतात. ‘पी’पुढचं वर्ष ध्वनीच्या हक्काचं, ‘सी’पुढचं वर्ष कव्हर-पुस्तिकेच्या हक्काचं. ‘पी 1969’ आणि ‘सी 2004’ असं असेल तर गोष्ट सरळ आहे : 1969चं ध्वनिमुद्रण, 2004ची सीडी. जुन्या सीडींवर तीन अक्षरं असत : एएडी, एडीडी किंवा डीडीडी. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिश्रणाचं, तिसरं अंतिम मास्टरचं. ‘ए’ म्हणजे ॲनालॉग, ‘डी’ म्हणजे डिजिटल. 1960च्या दशकातल्या रेकॉर्डवर डीडीडी असूच शकत नाही. असेल तर छापणाऱ्याला आपण काय छापतोय हे माहीत नव्हतं.

मग सीडी उलटी करा. कारखान्यात दाबलेल्या सीडीची चकाकती बाजू चांदीसारखी असते आणि मधल्या कड्यात कोरलेला क्रमांक असतो. 1990च्या दशकाच्या मध्यानंतरच्या सीडींवर बारीक ‘आयएफपीआय’ अक्षरंही दिसतात. बाजू हिरवट किंवा निळसर असेल तर ती घरच्या यंत्रावर लिहिलेली सीडी-आर आहे. काही छोट्या कंपन्या मागणीनुसार रीतसर सीडी-आरही देतात, पण तिचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेत लवकर बिघडतो, म्हणून आपल्या हवामानासाठी मी ती टाळतो. आणखी एक खास ब्रिटिश दुखणं : लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण 1988 ते 1993 या काळात बनलेल्या काही सीडी पुढे तांबूस, ब्राँझसारख्या झाल्या आणि वाजेनाशा झाल्या. वरच्या संरक्षक लाखेला कव्हरच्या कागदातलं गंधक सोसलं नाही, असं त्याचं कारण निघालं. म्हणून त्या वर्षांतली, ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ असं लिहिलेली जुनी सीडी घेताना चकाकत्या बाजूचं छायाचित्र मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आवाजाची पारख. इथे तबला जाणणाऱ्याला इंग्रज ग्राहकापेक्षा मोठा फायदा आहे, आणि तो वापरा. जुन्या फितीवर मागे बारीक सरसर असते. ती साफ करण्याच्या नादात अनेक सीडींमध्ये वरचे स्वरही खरवडले जातात. असं झालंय का हे झांजेवरून कळतं, असं तिकडचे जाणकार सांगतात. आपण तबल्यावरून ओळखू. चाटेवरचा ‘ना’ टोकदार लागतो का? ‘तिन’चा नाद थोडा रेंगाळतो का, की मध्येच कापल्यासारखा थांबतो? द्रुत ‘तिरकिट’मध्ये प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो का, की सगळे मिळून एक खडखडाट होतो? चाट बोथट असेल तर सरसर काढताना जास्त हात मारलाय. डग्ग्याचा घुमारा खोलीभर भरून राहत असेल, मींड ऐकू येण्याआधी नुसता धक्का जाणवत असेल, तर खालचे स्वर फुगवलेत. आणि सुरुवातीचा तंबोरा व सगळी वाद्यं एकत्र येतात तो भाग यांच्या आवाजात फरकच जाणवत नसेल, तर आवाज दाबून सगळीकडे सारखाच मोठा केला आहे. 1990च्या दशकाच्या शेवटापासून पुढे ही खोड वाढली, म्हणून ‘नवीन रीमास्टर’ ही चिठ्ठी पाहून जुनी आवृत्ती हलकी समजू नका. मागे थोडी सरसर राहिली असेल तर मला उलट बरं वाटतं. फीत खरी आहे याची ती साक्ष असते. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज आला तर मात्र ती फीत नव्हे, कुणीतरी तबकडी वाजवून केलेली नक्कल. मूळ फीतच हरवली असेल तर चांगल्या कंपन्याही तबकडीवरून करतात, पण तसं पुस्तिकेत सांगतात.

मोनो की स्टिरिओ, या वादात फार वेळ घालवू नये. दोन्ही चालतं. ज्या आवृत्तीवर मूळ मोनोला ‘इलेक्ट्रॉनिक’ पद्धतीने स्टिरिओ केल्याचं लिहिलं असेल ती तेवढी सोडून द्या.

एका सीडीत दोन रेकॉर्ड, हा प्रकार आपल्यासाठी फायद्याचा. जुनी तबकडी साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची, सीडीत ऐंशी मिनिटांपर्यंत मावतं. बीजीओने रेंडेल-कार क्विंटेटच्या रेकॉर्ड अशाच जोडीने काढल्या. टपालखर्च एकदाच, संगीत दुप्पट. फक्त जागा पुरत नाही म्हणून एखादी रचना गाळली आहे का, हे मूळ रेकॉर्डच्या यादीशी ताडून पाहा.

आता मंद्रूपपर्यंत ती आणायची कशी? सोलापूर आपल्याला पंचवीस-एक किलोमीटरवर, पण तिथेही अशा सीडीचं दुकान आता सापडणार नाही. मुंबईचं काळा घोडा इथलं ऱ्हिदम हाउस 2016 साली बंद झालं, तेव्हा परदेशी जॅझ हाताळून, उलटसुलट करून घेण्याची या राज्यातली मोठी जागा गेली. उरतो तो टपालाचा मार्ग. डिस्कॉग्ससारख्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद असते : कोणत्या देशाची, कोणत्या वर्षाची, मधल्या कड्यावर कोणता क्रमांक. आधी ती नोंद वाचा, मग विक्रेता शोधा. वापरलेल्या मालाच्या प्रतीसाठी तिथे ठरलेली अक्षरं आहेत. ‘एनएम’ म्हणजे जवळजवळ नवी, ‘व्हीजी प्लस’ म्हणजे किरकोळ खुणा. सीडीच्या बाबतीत ‘व्हीजी प्लस’ला घाबरायचं कारण नाही, बारीक ओरखडे यंत्र भरून काढतं. पण पुस्तिका आहे ना, हे स्वतंत्रपणे विचारा. पुस्तिका नसलेली ‘हम दोनो’ मी अर्ध्या किमतीतही घेणार नाही.

परदेशातून येणाऱ्या पार्सलचा टपालखर्च अनेकदा सीडीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकदम मागवा. दोघा-तिघा मित्रांनी मिळून मागवल्या तर आणखी बरं. विक्रेत्याला प्लास्टिकची पेटी काढून सीडी, पुस्तिका आणि मागचा कागद एवढंच सपाट पाकिटात पाठवायला सांगता येतं. वजन निम्म्याहून कमी होतं, पेटी फुटण्याची भीती जाते, आणि रिकामी पेटी सोलापुरात मिळतेच. पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं. ते पोस्टात भरून पार्सल सोडवावं लागतं आणि शुल्काची पावती मिळते. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नका : ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळेल. पत्ता लिहिताना गावाच्या नावापुढे तालुका दक्षिण सोलापूर, जिल्हा, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक हे चारही द्या. इंग्रजी स्पेलिंग ओळखपत्रावर आहे तेच ठेवा. परदेशातले नातेवाईक दिवाळीला येणार असतील तर त्यांच्या पत्त्यावर मागवून ठेवणं सर्वांत सोपं. लंडन, लेस्टरकडे आता आपल्या भागातली पुष्कळ मुलं आहेत.

वाजवायला नवं यंत्र लागतंच असं नाही. घरात पडलेला जुना डीव्हीडी प्लेअर ऑडिओ सीडी वाजवतो. मागच्या लाल-पांढऱ्या दोन पिना ॲम्प्लिफायरला जोडल्या की झालं. टीव्हीच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, तिथे डग्गा आणि डबल बास दोन्ही गायब होतात. लॅपटॉप असेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि सीडी आली त्याच दिवशी तिची प्रत संगणकावर करून ठेवा. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत प्रोग्रॅम वाचलेला आवाज इतरांच्या नोंदींशी ताडून पाहतो, म्हणजे प्रत बिनचूक आहे की नाही ते कळतं. प्रत आवाज न गाळणाऱ्या ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवा, एमपीथ्रीत नको. फाइलला नाव देताना वादकांची पूर्ण यादी स्वतः टाइप करून जोडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय तुमच्या मोबाइलवरही केशव साठे हे नाव कधी दिसणार नाही. मग मूळ सीडी कपाटात आणि रोजचं ऐकणं फाइलवरून.

सांभाळणं आपल्याकडे विशेष महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांपुढे गेलेल्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी ठेवली तर ती वाकू शकते. पक्क्या भिंतीच्या, सावलीतल्या कपाटात, पुस्तकांसारखी उभी ठेवा. काळ्या मातीची बारीक धूळ आणि ज्वारीच्या मळणीच्या दिवसांतला भुसा कुठेही शिरतो, तेव्हा पेटीवर प्लास्टिकची पिशवी घाला. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा वाचनाच्या रेषेच्या दिशेने पडतो आणि तो यंत्राला भरून काढता येत नाही. छापील बाजूवर पेनाने नाव लिहू नका, कागदी चिठ्ठी चिकटवू नका. आवाज साठवलेला थर त्या बाजूच्या लाखेच्या अगदी खाली असतो. खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक.

ऐकायचं कोणत्या क्रमाने? ‘इंडो-जॅझ सुइट’ने सुरुवात करा, पण तिच्याकडून रागविस्ताराची अपेक्षा ठेवू नका. मेयर यांनी बराच भाग कागदावर लिहून वादकांना दिला होता. ‘मेघ’ इथे रचनेचं साहित्य आहे, मैफलीतला मेघ नव्हे. कान सॅक्सोफोन आणि तबला एकमेकांना कुठे जागा देतात तिकडे लावा. त्यानंतर ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’. या दोन्हींत तबला नाही, ड्रम आहेत, आणि तरीही गिटारवरची डिसिल्वांची स्वरवाक्यं आपल्या ओळखीच्या वळणांनी जातात. माझ्या लेखी ‘हम दोनो’ ही या सगळ्यांत श्रेष्ठ. हॅरियट यांच्या अखेरच्या काळातलं काम आहे ते. 1973च्या जानेवारीत ते गेले.

या तिन्ही पचल्या की निव्वळ जॅझकडे वळा : पियानोवादक स्टॅन ट्रेसी यांची 1965ची ‘अंडर मिल्क वुड’, मग रेंडेल-कार, मग हॅरियट यांची ‘फ्री फॉर्म’. इथे एक गोष्ट सांगितली तर वाट सोपी होईल. जॅझची बरीचशी वाजवणी आवर्तनावर चालते. बारा बारचा ब्लूज म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. बत्तीस बारचं गाणं म्हणजे 128 मात्रांचं. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग त्याच आवर्तनावर एकेक जण आपली उपज मांडतो, शेवटी धून परत येते. डबल बास आणि पियानो ते आवर्तन धरून ठेवतात, तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरतात तसं. तेव्हा पहिल्यांदा ऐकताना सॅक्सोफोनच्या मागे धावू नका. बास ऐका, मात्रा मोजा, आवर्तन कुठे पुरं होतं ते पकडा. दोन-तीन आवर्तनांत सम सापडते. ‘फ्री फॉर्म’मध्ये ती सापडणार नाही, कारण तिथे हॅरियट यांनी ठरीव आवर्तनच काढून टाकलं आहे, म्हणून ती रेकॉर्ड शेवटी ठेवली. आणि त्यानंतरही साठे यांचा तबला आणखी ऐकावासा वाटला तर शोध लंडनच्या बाहेर न्या : 1967 साली स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्यासोबत जर्मनीत झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’वर ते आणि दिवाण मोतिहार पुन्हा एकत्र आहेत, आणि 1977च्या ‘अ मेड इन बेडलम’वर तर इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना जॉन रेनबर्न यांच्या गिटारशेजारी त्यांचाच ठेका आहे.